तेरावा फर्मा दोनदा

मैनाला मी कधी मैनाबाई म्हटलं नाही आणि तिनंही मला कधी मालनबाई म्हटलं नाही. तो मान फक्त मालक द्यायचे, तोही रागावले की. तेव्हा इथंही ती मैना आणि मी मालन.

शनिवार पेठेतल्या एका बोळात तळमजल्यावर आमचं बाइंडिंगचं दुकान. आमचं म्हणजे हिंमतरावांचं. आमच्या मालकीचं तिथं काय, तर बसायचं पोतं आणि घडी दाबायची लाकडी पट्टी. मी तिथं एकतीस वर्षं काढली, मैनानं एकोणतीस. मी तुझ्यापेक्षा सीनियर आहे, असं मी तिला ऐकवायची आणि ती म्हणायची, "हो व बाई, तुले पदक देऊ."

ती पार तिकडची, पूर्वेकडची. गावाचं नाव तिनं एकोणतीस वर्षांत एकदाही घेतलं नाही. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तिनं खळीचा डबा ढवळायला घेतला. मग मीही विचारायचं सोडलं.

आमचं काम असं. छापखान्यातून मोठाले कागद येतात. एका कागदावर सोळा पानं, काही सुलटी, काही उलटी. त्याला फर्मा म्हणायचं. त्याच्या घड्या घातल्या की पानं ओळीनं लागतात, आणि असे चौदा-पंधरा फर्मे एकावर एक ठेवले की पुस्तक होतं. पण छापखाना फर्मे क्रमानं कधीच पाठवत नाही. आज नववा, उद्या दुसरा. त्यामुळे माणूस मेल्याचं आम्हाला आधी कळायचं आणि त्याचं बारसं नंतर.

मैना आली तेव्हा तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. तेव्हा पहिलीच्या पुस्तकांचे फर्मे चालले होते. माझी चौथी झालेली, म्हणून मी गुरुजी. क, ख, ग मी शिकवलं, बाकीचं ती कागदाला विचारत शिकली. घडी कापलेली नसते, म्हणून मधली पानं वाचायची तर फर्मा तोंडाजवळ धरून आत डोकवावं लागतं. ती डोकवायची तेव्हा विहिरीत काही पडलंय आणि ते शोधतेय, असं वाटायचं. धार्मिक, आरोग्याची, शेअरबाजाराची, काही सोडलं नाही तिनं. शेअरबाजाराचं वाचून म्हणाली, "याच्यापेक्षा भुताच्या गोष्टी खऱ्या वाटते."

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता शेफालीचं पुस्तक आलं. शेफाली म्हणजे सदाशिव पेठेतली सव्विशीची मुलगी. पहिलंच पुस्तक, म्हणून तिला धीर नव्हता. स्कूटर बोळाच्या तोंडाशी लावायची आणि आमच्या पोत्यावर येऊन बसायची. चांगली मुलगी. चहा घेतल्यावर कप स्वतः विसळायची. आमच्याकडे लेखक पुष्कळ आले, कप विसळणारी ही एकटीच.

पुस्तक चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी, चेटकिणीचं. गावाबाहेर एक बाई राहते, लोकांना झाडपाला देते. गावातली मुलं एकेक करून आजारी पडायला लागतात. त्या बाईची तेरा वर्षांची भाची तिच्याच घरात वाढतेय. ती मावशीवर नजर ठेवते. मावशी जाते कुठं, पुटपुटते काय, चुलीमागं लपवते काय. आणि शेवटी सगळ्या गावासमोर उभी राहून सांगते की मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तिथं तेरावा फर्मा संपत होता. मावशी खरंच चेटकीण होती का नव्हती, ते चौदाव्यात. चौदावा शेवटचा, आणि तो छापखान्यात अडकला होता.

मैना रोज सकाळी पायरी चढताच विचारायची, "चौदावा आला का?"

हिंमतराव म्हणायचे, "अहो, पुस्तक त्या मुलीनं लिहिलंय. तुम्ही काय एवढं परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखं करताय?"

चौथ्या दिवशी तिनं डबा उघडला आणि तसाच मिटला. मी म्हटलं, "मैना, गोष्ट आहे. जेव."

तेव्हा तिनं सांगितलं. तिच्या आईचं नाव सुंदराबाई. गावातली बाळंतपणं तीच करायची. एका महिन्यात तीन तान्ही मुलं गेली. गावानं बाहेरून एक देवऋषी आणला. तो मोठ्या माणसांना काही विचारायचाच नाही, पोरांना विचारायचा. मैना नऊ वर्षांची. तिला जवळ बसवलं, हातावर गुळाचा खडा ठेवला आणि गोड बोलून विचारलं, "माय तिन्हीसांजेला कुठं जाते गं?"

"मी सांगतलं," मैना म्हणाली. "बाभळीखाली एकटी उभी राहते. तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलते. झाडाला हात लावते. खोटं नव्हतं काही. मी रोज पाहत होती."

पुढचं तिनं दोनच वाक्यांत उरकलं. आईचे केस कापले. दोघींना गावाच्या शिवेबाहेर घालवलं.

मामाच्या घरी आई अकरा वर्षं जगली. मैनाला कधी रागावली नाही, कधी हात उगारला नाही. रोज सकाळी तिची वेणी घालून द्यायची. फक्त समोर बसवून कधी घातली नाही, पाठमोरीच. तोंडाकडे बघायची नाही.

"आणि ती बाभळीखाली करायची काय?" मी विचारलं.

मैना हसली. ते हसणं बघवत नव्हतं. "तिची दाढ दुखत होती व. बाभळीची साल काढून दाढंत दाबायची अन् कण्हायची. घरी कण्हली तर सासू बोलायची. मले कवा कळलं माहीत आहे? मी तीस वर्षांची, माझी दाढ सुजली, अन् शेजारची म्हणाली, बाभळीची साल धर. तवा. माय मरून गेली होती."

मी तिच्या डब्यात माझी चटणी ठेवली.

आता मला तिचा जीव कशात अडकलाय ते कळलं, आणि जास्तच अवघड झालं. कारण चौदाव्या फर्म्यात मावशी चेटकीण निघाली, तर पोरगी खरी ठरून सुटणार होती, आणि नाही निघाली तर मावशी सुटून पोरगी अडकणार होती. दोघींना एकदम सोडवेल असा फर्मा कुठल्याच छापखान्यात छापत नाहीत.

दुसऱ्या दिवशी शेफाली आली. मैनानं तिला सरळच विचारलं, "पोरी, ती बाई खरंच चेटकीण हाय का?"

"आजी! स्पॉयलर नाही देणार."

"म्हणजे नासवणार नाही म्हणते ती," मी म्हटलं.

शेफाली खुलली. तिनं आम्हाला सगळं समजावून सांगितलं, आम्ही जणू कॉलेजातच बसलोय. म्हणाली, "सस्पेन्स कशात असतो माहितीय? एक गोष्ट तुम्हाला अगदी सुरुवातीला दिसते. साधी. अर्थ कळत नाही. आणि शेवटी एकदम अर्थ लागतो. तेव्हा वाचणाऱ्याला जे वाटतं ना, त्यासाठी सगळा खटाटोप."

"अर्थ लागल्यावर बरं वाटते?" मैनानं विचारलं.

"भारी वाटतं, आजी."

"अन् ती नुसतीच बाई निघाली तर?"

"मग मुलं चिडतील! दोनशे पानं वाट बघायला लावायची आणि शेवटी काहीच नाही? फसवल्यासारखं वाटतं. चेटकिणीचं पुस्तक म्हटलं की जादू खरी पाहिजे."

मैना घडी घालत राहिली. मग म्हणाली, "जादू खरी असती तर माझ्या वळखीच्या एका देवऋषीचा बेडूक झाला असता." शेफालीला ते इतकं आवडलं की तिनं मोबाईलमध्ये लिहून घेतलं.

चौदावा सोमवारी आला. मैनानं पहिलाच कागद ओढला, घड्या घातल्या आणि आत डोकावली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मावशी खरीच चेटकीण होती. चुलीमागं मुलांच्या नावाच्या बाहुल्या निघाल्या. मुलं बरी झाली. गावानं भाचीला उचलून घेतलं, आणि शेवटच्या पानावर ती शांत झोपी गेली.

"सुटली पोरगी," मैना म्हणाली. पट्टीनं घडी दाबली आणि पुढचा कागद घेतला.

बुधवारी जुळवणी होती. लांब टेबलावर चौदा ढीग मांडायचे आणि एकेक फर्मा उचलत पुढं सरकायचं. सुरुवातीच्या टोकाला मी, शेवटच्या टोकाला मैना. दुपारी माझी नजर सहज गेली. तिचा हात तेराव्या ढिगाकडे गेला, आणि पुन्हा तेराव्याकडेच गेला. मला वाटलं, आधी उचललेला फाटका असेल. म्हणजे मला तसं वाटून घ्यायचं होतं.

शुक्रवारी तेरावा ढीग संपला तरी चाळीस पुस्तकं त्याच्याविना अर्धवट पडली होती, आणि चौदावे फर्मे चाळीस जास्त उरले होते. हिंमतरावांनी बांधलेल्या गठ्ठ्यांतून एक प्रत उपसली आणि मागची पानं उलटली. त्या प्रतीत पोरगी गावासमोर उभी राहत होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय म्हणत होती, आणि पान उलटलं की परत तेरावा फर्मा पहिल्यापासून सुरू. शेवट नव्हताच. ती आपली सांगतच होती.

"वा," हिंमतराव म्हणाले. "एकदा साक्ष देऊन हिचं भागलं नाही वाटतं. लेखिकाबाईंना कळवू का, की तुमची सुधारून वाढवलेली आवृत्ती आम्हीच काढली?" मग माझ्याकडे वळले. "मालनबाई, शेवटच्या टोकाला कोण होतं?"

दुकानात आम्ही दोघीच आणि ते. मी म्हणू शकले असते की मी होते. म्हणू शकले असते की आठवत नाही, वय झालं. एकतीस वर्षांच्या नोकरीत एवढं तर खपलं असतं. पण विचारलं तसं माझ्या तोंडून निघालं.

"मैना."

खोटं नव्हतं काही.

हिंमतराव मैनाला म्हणाले, "उद्यापासून येऊ नका. घरी बसून वाचा. निवांत, क्रमानं." वाईट माणूस नाही तो. प्रकाशनाची तारीख तोंडावर होती, तेरावा फर्मा परत छापून घ्यायचा होता, आणि पुण्यात वाईट माणूस नसला तरी असंच बोलतो.

तिनं पट्टी पिशवीत टाकली. पोतं झटकून घडी घालून कोपऱ्यात ठेवलं. मी पायरीपर्यंत गेले. म्हटलं, "मैना, मला सुचलंच नाही गं."

"तुले विचारलं, तू सांगतलं," ती म्हणाली. "मलेही विचारलंच होतं." आणि बोळातून निघून गेली. स्कूटरी चुकवत चालायची तिची सवय, अंग चोरून. तशीच गेली.

प्रकाशन थाटात झालं म्हणे. बाइंडिंगवाल्यांना बोलवायची पद्धत नाही.

मैना आता धायरीला लेकाकडे असते. एका पोळीभाजी केंद्रात भाज्या निवडून देते. मी फोन करते. ती सगळी चौकशी करते, गुडघे कसे आहेत, नात कितवीत, पाणी येतं का दोन्ही वेळा. त्या शुक्रवारचं एक अक्षर बोलत नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. पाठमोरं बसवून वेणी घालणं म्हणजे काय, ते मला फोनवर कळतं.

दोनदा तेरावा लागलेल्या त्या चाळीसांतली एक प्रत रद्दीत जाण्याआधी मी पिशवीत टाकली होती. माझी नात रुपाली नववीत आहे. तिला ती सापडली आणि दोन दिवस तिनं मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी ओरडली, "आजी, हे काय? परत तेच आलंय! पुढं काय होतं? ती मावशी चेटकीण असते ना?"

"नाही," मी म्हटलं. "तिची दाढ दुखत असते."

"दाढ? दाढेचं कुठाय आधी?"

"लिहायचं राहिलं."

"आणि मग त्या मुलीचं काय होतं?"

"मोठी होते. वाचायला शिकते."

"हॅ! हा काय शेवट झाला?" रुपालीनं पुस्तक कॉटवर टाकलं. संध्याकाळी मैत्रिणीकडून चांगली प्रत आणली आणि जेवायच्या आत संपवली. ताटावर बसताना म्हणाली, "आजी, तू उगाच काहीतरी सांगितलंस. ती चेटकीणच असते. काय मस्त शेवट आहे!"

मी तिला वाढलं. गरम भात होता, वर तूप घातलं. म्हटलं, "असणारच. जेव."