भुरीबाईचा कंदील

पैनगंगेच्या काठावरचं दिव्याचं मचाण भुरीबाईच्या आजेसासऱ्यानं सागवानाचं उभारलं होतं. दिवेलागणीला त्यावर कंदील टांगायचा आणि पलीकडून येणाऱ्या नावाड्यानं तो नाकासमोर धरून डोंगा हाकायचा, म्हणजे डाव्या हाताची काळी शिळा चुकते. नवरा भावसिंग गेल्यापासून भुरीबाईनं या कामाला कुणाला हात लावू दिला नव्हता. बाई हट्टी, पण नदी तिच्याहून हट्टी. दर पावसाळ्यात काठाचे लचके तोडत ती मचाणाच्या पायाशी आली होती.

त्या श्रावणात भुरीबाईनंच तांड्यातली माणसं जमवून मचाण उपटलं आणि वरच्या अंगाला, प्रवाह येतो त्या बाजूला, घट्ट मुरमावर रोवलं. सगळे खूश. संध्याकाळी तिनं नव्या जागी कंदील टांगला. तिची लेक रंजिता तिजेच्या सणासाठी माहेरी येत होती, सुनील नावाड्याच्या डोंग्यातून. पाऊस भुरभुरत होता. डोंगा मध्यावर आला आणि भुरीबाईच्या लक्षात आलं. कंदील वर सरकला, तसा डोंगाही वर वळला होता, थेट काळ्या शिळेकडे! मचाण हलवलं, पण शिळा कोण हलवणार होतं? एवढी साधी गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नव्हती.

"सुनील, उजवीकडं घे रे!" ती ओरडली. पुराच्या आवाजापुढे तिचं कोण ऐकणार?

कंदील विझवावा तर डोंगा धारेला लागून वाहून जाईल. तिनं तो काढला आणि पेटता घेऊन मचाणाच्या जुन्या जागी धावली. तिथं जमिनीला हातभर भेग पडली होती.

"मांगं ये वं! काठ खचून राह्यला!" शेजारीण मैनाबाई किंचाळली.

"खचू दे. माही पोर हाये तिथं. तू माहे पाय धर."

भुरीबाई चिखलात पालथी पडली, सरपटत टोकाशी गेली आणि कंदील उंच धरला. पोटाखालची माती सरकत होती. तिला भीती वाटत होती, फार वाटत होती, पण तिनं हात खाली घेतला नाही. हळूहळू डोंग्याचं तोंड वळलं आणि शिळा बाजूला राहिली.

डोंगा घाटाला लागताच मैनाबाईनं तिला पाय धरून मागं ओढलं. मागोमाग काठ धाडकन नदीत गेला.

"याडी, चिखलात कायले लोळून राह्यली?" रंजिता आईला हसत म्हणाली. भुरीबाईनं तिला एक धपाटा घातला आणि गच्च धरून ती रडू लागली.

"काकी, दिवा मधीच हलला, पण मंग जागेवर दिसला, म्हून नाकासमोर आलो," म्हणत सुनीलनं वर पाहिलं. दिवा दिसला होता तिथं मचाण नव्हतं, आणि आता काठही नव्हता.