न खेळलेली फायनल

"भावजी, हे उठत नाहीयेत..." माझा मित्र अजित याच्या पत्नीचा, मेघनावहिनींचा फोन आला, तेव्हा मी दोह्याबाहेर बिरकत अल अवामेरला कामगारांच्या निवासातली पाण्याची लाइन तपासत होतो. मी सुपरवायझरला उरलेले व्हॉल्व्ह दाखवले, हेल्मेट जागेवर ठेवलं आणि मग गाडीत बसलो. असं का केलं, ते अजून सांगता येत नाही. अल नस्रमधल्या त्यांच्या फ्लॅटवर पोचलो, तेव्हा ॲम्ब्युलन्सवाले सामान आवरत होते. अजितचं हृदय झोपेतच थांबलं होतं.

याला आता काही आठवडे झाले. कोल्हापूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही एकाच फुटबॉल संघात होतो. तो कॅप्टन, मी गोलकीपर. 'गोली' हे नाव मला त्यानंच चिकटवलं. पुढे तो दोह्यात रस्त्यांच्या कामावर आला आणि त्याच्या मागून मी. वर्ल्ड कप जवळ येऊ लागला तसा कालचा रस्ता आज सापडेना. टॉवरांवर मजलेच्या मजले झाकणारी खेळाडूंची चित्रं लागली. सगळं ऑफिस ब्राझील-अर्जेंटिना करत असताना अजित मात्र आमच्या कॉलेजच्या संघाचा इतिहास सांगायचा, तोही हंगामवार! केरळी ड्रायव्हरला हिंदीतून, साहेबाला इंग्रजीतून आणि लेकीला, इराला, अस्सल कोल्हापुरीतून. ती बोलायची इंग्रजीच, पण ऐकायची सगळं.

पहिल्या हंगामात आम्ही व्हॉलीबॉलवाल्यांकडून मागून आणलेल्या जर्सी घालून सगळे सामने हरलो. आमच्या नावावरचा एकमेव गोल समोरच्या संघाच्या बॅकनं स्वतःच्याच जाळ्यात मारलेला. त्याचीसुद्धा अजितनं हॉस्टेलपर्यंत मिरवणूक काढली. दुसऱ्या हंगामात त्यानं आम्हाला पहाटे मैदानावर पळवलं आणि आम्ही हरायचं थांबलो. जिंकत नव्हतो, पण हरतही नव्हतो. तिसऱ्यात सेमीफायनलला पेनल्टी आल्या आणि शेवटची त्याची स्वतःची खांबाला लागली. "खांब माझ्या बापाचा असता तर सरकवला असता, भावा," असं म्हणून तोच मोठ्यानं हसायचा. पुढं काय झालं, असं कुणी विचारलं की "यल्ला, चला, कामाला लागा" म्हणून उठायचा. चौथा हंगाम त्यानं माझ्यादेखत कधीच सांगितला नाही.

कागदपत्रं झाली. त्याच्याच विमानानं मी गेलो... तो खाली सामानाच्या भागात, मी वर. एअरहोस्टेसनं व्हेज की नॉनव्हेज विचारलं, मी व्हेज म्हणालो आणि सगळं जेवलो. कोल्हापुरात आमचा संघ आला होता, टकलं पडलेला, पोटं सुटलेला. सगळे रडले. मी नाही. परत येऊन कामावर रुजू झालो.

गेल्या शुक्रवारी सामान बांधायला गेलो होतो. वहिनी आणि इरा कायमच्या गावी निघाल्या आहेत. खोक्याला टेप लावता लावता इरानं विचारलं, "काका, व्हॉट हॅपन्ड इन द फोर्थ सीझन? बाबा सेड, दॅट वन इज गोलीकाकाज स्टोरी."

मग मी सांगितलं. आम्ही फायनलला पोचलो होतो. सामन्याच्या दिवशी सकाळी गावाहून निरोप आला, माझे वडील गेले. मी फक्त अजितच्या कानावर घातलं, राखीव गोली घे म्हणालो आणि एसटी पकडली. दुपारी आम्ही वडिलांना उचलणार, तेवढ्यात दारात एक टेम्पो थांबला आणि सगळा संघ खाली उतरला, जर्सीतच. मैदानावरून तसेच निघाले होते. माझ्या मागचा खांदा अजितनं दिला. सामना समोरच्यांना बहाल झाला. त्यावर आमच्यात पुन्हा कधी कुणी बोललं नाही.

"सो यू लॉस्ट," इरा म्हणाली.

"हो. नोंद तशीच आहे."

तिनं खोक्यावरची टेप दाबून बसवली. मग मराठीत म्हणाली, "बाबांना माहीत होतं ना, हरणार म्हणून?"

"माहीत होतं."

वहिनी दारात उभ्या होत्या. "मला कधी बोलले नाहीत," एवढंच म्हणाल्या आणि आत येऊन पलंगाच्या कडेला टेकल्या. ती अजितची खोली. एसी त्याच्या सवयीनं सगळ्यात कमी आकड्यावर चालू होता, दोघी अंगावर शाली घेऊन वावरत होत्या. रिमोट तिथेच उशाशी पडलेला होता. कुणीच तो उचलला नाही... आम्ही तिघं त्या गारठ्यात बसून राहिलो.