आयत्या वेळचे विषय

आमच्या संस्थेची सभा चिखलीला बसस्टँडच्या मागे, सरकीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत भरते. मुलींचं शिक्षण, लवकर लावली जाणारी लग्नं, घरातली मारहाण, अशी कामं संस्था करते. गावोगाव हिंडणाऱ्या कार्यकर्त्या तरुण आहेत. त्यांना दिशा दाखवायला म्हणून जे मंडळ आहे, त्यात आम्ही सगळे उतारवयातले. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, मेहकरचे एक वकीलसाहेब, रोहिणखेडकडच्या एक जुन्या अंगणवाडी सेविका, आणि अध्यक्षस्थानी बाई.

बाईंना सगळे बाईच म्हणत. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांची उभी हयात गेली होती. सासर शेतकरी, घरी भरपूर जमीन, नवरा लवकर गेलेला. एकुलता एक मुलगा शेती बघायचा आणि त्याच्याच घरी, चिखलीपासून जवळच्या एका गावात, त्या राहत. त्यांचे गुडघे धरलेले असत, म्हणून एसटीतून चढवायला-उतरवायला नात सोबत यायची.

ती नात आधी कोपऱ्यात बसून गणितं सोडवायची. पुढेपुढे आमचं बोलणं ऐकू लागली. एकदा वकीलसाहेबांनी मुलींसाठी कायद्याची माहिती लिहून आणली आणि मोठ्यानं वाचली. वाचून झाल्यावर कोपऱ्यातून आवाज आला, "काका, एवढं अवघड काऊन लिहिता? पोरी वाचतीन का हे?"

वकीलसाहेबांनी चष्मा काढला आणि कागद तिच्याकडे सरकवला. "मग तूच लिही."

तिनं लिहिलं. तेच अजूनही आम्ही गावांत वाटतो. अकरावी सायन्सला होती, नर्सिंगला जायचं म्हणायची. बाई तिच्याकडे बघत तेव्हा त्यांचा चेहरा मऊ व्हायचा. शाळेतल्या कडक बाईंचा तो चेहरा मला तोवर माहीत नव्हता.

अक्षय्य तृतीयेच्या आधीचे दिवस आम्हाला नेहमीच जड जातात. लग्नांचा धडाका असतो आणि कुठून ना कुठून फोन येत राहतात. त्या वर्षी अशाच एका सभेला बाई एकट्या आल्या. नात कुठे, म्हणून मी विचारलं तर "घरी हाये" एवढंच म्हणाल्या. सभा नेहमीसारखी चालवली. शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय, म्हणून मी वाचलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "एक विषय माझा हाये. एक लग्न ठरलं. पोरगी अठराची नाई."

वकीलसाहेबांनी सवयीनं पेन उघडलं. "गाव?"

बाईंनी आपल्या गावाचं नाव सांगितलं.

"बापाचं नाव?"

बाईंनी आपल्या मुलाचं नाव सांगितलं.

वकीलसाहेबांचं पेन तसंच राहिलं. 

मग बाईंनीच सगळं सांगितलं. स्थळ चांगलं होतं. मुलगा सरकारी नोकरीत, घरची शेती, हुंडा नको म्हणत होते. असं स्थळ पुन्हा येणार नाही, असं बाईंच्या मुलाचं म्हणणं. नातीनं स्वयंपाकघरात आजीजवळ येऊन सांगितलं होतं, "आजी, मले आत्ता नाई करायचं. तू बोल ना बाबांशी." बाई बोलल्या. मुलानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई, तुझी संस्था चिखलीलेच ठेव. घरात आनू नको."

"बाई," वकीलसाहेब हळूच म्हणाले, "घरातलं आहे. अजून एकदा समजावून बघा. पाहुण्यांना मध्ये घ्या."

"आपन दुसऱ्याच्या घरी असं सांगतो का?"

वकीलसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं. ते म्हणाले, "मग कळवायचं काम मी करतो. कोणी कळवलं ते बाहेर येत नाही, तुमचं नाव कुठेच यायचं नाही."

"नाई. माझ्या नावानंच कळवायचं. नाव नसलं तर घरचे पोरीवर संशय घेतीन, नाई तर सुनेवर. त्या दोघींले तिथंच राहायचं हाये."

असं म्हणून त्यांनी तिथूनच चाइल्डलाइनला फोन लावला. स्वतःचं नाव सांगताना आवाज वर्गात हजेरी घ्यावी तसा स्वच्छ होता. फोन ठेवल्यावर त्यांनी मला तो विषय इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगितलं.

हळदीच्या दिवशी ग्रामसेवक, पोलीस आणि बालसंरक्षणाची माणसं गेली. त्यांच्यासोबत मीही गेले. अंगणात मांडव होता, मागे चुलाण पेटलेलं, बायका हळद कालवत होत्या. बाई ओट्यावर बसल्या होत्या, नेहमीच्या पांढऱ्या पातळात. आरडाओरड होईल असं मला वाटलं होतं, तसं झालं नाही. ग्रामसेवकानं जन्मतारीख वाचली, एका बाईनं हळदीच्या ताटावर फडकं टाकलं, पाहुणे एकेक करून उठले. नात दारात उभी होती. तिच्या एकाच गालाला हळद लागली होती.

बाईंचा मुलगा ओट्यापाशी आला. सगळ्यांदेखत, पण अगदी हळू आवाजात म्हणाला, "आई, आता तू इथं राहू नको."

बाईंनी मान हलवली. जणू त्यांनी हे गृहीतच धरलं होतं.

पुढचं सगळं कायद्याप्रमाणे झालं. मुलीला बुलढाण्याला बालकल्याण समितीपुढे नेलं, आईवडिलांनी अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही असं लिहून दिलं आणि मुलगी त्यांच्या ताब्यात परत गेली. बाई माझ्याकडे राहायला आल्या. माझी मागची खोली रिकामीच होती. सोबत आणलेल्या पिशवीत दोन पातळं, गुडघ्याचं तेल आणि नातीचा लहानपणचा एक फोटो होता.

कॉलेज उघडलं तशी बाई रोज फाटकापाशी जाऊन उभ्या राहू लागल्या. नातीच्या मैत्रिणींनी अखेर सांगितलं, घरच्यांनी तिचं नाव कॉलेजातून काढलं, फोनही काढून घेतला. आमच्या कार्यकर्त्या घरी गेल्या, तर दार उघडलं नाही. सुनेनं एकीला विहिरीवर गाठून सांगितलं, "आमच्या घरी येऊ नका ताई. तुम्ही आल्या का आमाले बोलनं बसते."

"यात कायदा काय करतो?" बाईंनी वकीलसाहेबांना विचारलं.

"लग्न थांबवतो," ते म्हणाले. "ते थांबलं."

अठरावं सरलं आणि फार वेळ न जाता लग्न लागलं. आधीचं स्थळ केव्हाच हातचं गेलं होतं. गावात झालेल्या बोभाट्यानं दुसरं चांगलं येईना. मामाच्या गावी, देवळात, चार माणसांत उरकलं. आम्हाला कळलं ते कुणाच्या तरी मोबाइलवरच्या फोटोवरून. बाईंनी तो फोटो मोठा करून करून पाहिला. पोरीचा चेहरा मोठा होता होता पुसट होत गेला, तरी त्या बोटं फिरवत राहिल्या. कशालाच हरकत घेता येत नव्हती. वय भरलेलं होतं.

काही महिन्यांनी बाई म्हणाल्या, "मले एकदा तिच्या घरी घेऊन चाल." सासर मेहकरच्या बाजूला होतं. आम्ही एसटीनं गेलो आणि फाट्यावरून जीपनं. सासू बरी होती, या म्हणाली, सतरंजी टाकली. नात डोक्यावर पदर घेऊन आतून आली, वाकून दोघींच्या पाया पडली आणि चहा ठेवायला गेली. चहा आणून बाईंच्या समोर बशी धरली. "घ्या ना. तुम्ही साखर कमी घेता, मले मालूम हाये."

तुम्ही. जन्मल्यापासून ती आजीला तू म्हणायची. बाईंनी बशी घेतली आणि तशीच धरून बसल्या.

सासू गोठ्याकडे गेली तेव्हा बाई म्हणाल्या, "माझं चुकलं का, पोरी?"

नात खाली बघत होती. "नाई. थांबवलं ते बरंच केलं. मीच म्हनलं होतं तुमाले." मग म्हणाली, "पन तुम्ही निघून गेल्या. मी तिथंच होती."

तिच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. ती नुसतं घडलेलं सांगत होती. बाईंनी तिचा हात हातात घ्यायला आपला पुढे केला, तेवढ्यात सासू आली आणि नातीनं पदर सारखा करून कपबशा उचलल्या.

परतीच्या एसटीत बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. रस्ताभर कापसाची शेतं होती, वेचणीला आलेली. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो त्यांनी काढला नाही आणि माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

त्यानंतरही त्या सभेला येत राहिल्या, पण अध्यक्षाच्या खुर्चीत बसायचं सोडलं. पुढच्या लग्नसराईत असंच एक लग्न आमच्यापुढे आलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "थांबल्यावर पोरगी राहीन कुठं? कोनापाशी?" बुलढाण्याला वसतिगृह बघू, कुणी मावशी-आत्या आहे का ते विचारू, असं काहीबाही बोललो. लग्न दोन दिवसांवर होतं. फोन करावाच लागला, आणि तो वकीलसाहेबांनी केला. बाई उठून जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या. आता कार्यकर्त्या फोनच्या आधी मुलीसाठी घर शोधत फिरतात. कधी सापडतं. बरेचदा सापडत नाही.

बाई अजून माझ्याकडेच आहेत. मुलगा आला नाही. दिवाळीला सून कुणाच्या तरी हाती फराळाचा डबा पाठवते, एवढंच.

मागच्या सभेला वकीलसाहेब आले ते थेट बाईंच्या शेजारी बसले. मेहकरला कानावर आलं होतं त्यांच्या. "बाई, तुमच्या नातीला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत म्हणे."

बाईंनी ऐकलं. पदरानं तोंड पुसलं.

"कोनावर गेली?" त्यांनी विचारलं.

वकीलसाहेब गोंधळले. "ते काही मी विचारलं नाही हो."

"हाव," बाई म्हणाल्या. "ते काऊन विचारसान तुम्ही."