वास आधी, माणूस मागाहून

फेब्रुवारीत काकूंचा फोन आला तेव्हा मी गाडीवरचा बर्फ खरवडत होते. "काका गेले गं," एवढंच त्या म्हणाल्या. दोन वर्षांपासून काकूंना अजिबात दिसत नव्हतं. माझा नंबर त्यांनी चाचपून लावला असणार.

प्रभाकरकाका नागपूरला फारसी शिकवायचे. निवृत्तीनंतर दोघं इकडे परदेशात, नॉर्थ यॉर्कला आले, माझ्याच मजल्यावर. रविवारी आम्हा चार सॉफ्टवेअरवाल्यांना समोर बसवून ते जुनी फारसी कविता समजावत. "या कवितेत प्रिय माणूस सहसा दिसत नाही. वारा त्याच्या केसांचा वास आणतो, तेवढ्यावर कवी आयुष्य काढतो." रडून रडून आंधळा झालेला बाप हरवलेल्या मुलाच्या सदऱ्याचा वास कोसांवरून कसा ओळखतो, हे सांगताना ते काकूंकडे बघत. "वास आधी, माणूस मागाहून." त्यांच्या कानात हिना अत्तराचा फाया असायचाच. कुणाला ॲलर्जी होऊ नये म्हणून आमच्या बिल्डिंगमध्ये अत्तराला बंदी, लिफ्टमध्ये तशी पाटीच होती. मी म्हटलं, "काका, मॅनेजमेंटकडे कंप्लेंट जाईल." मग फाया कानातून मफलरच्या घडीत गेला. काका घरात आले की काकू त्या वासाच्या दिशेने मान वळवत.

सुतक फिटलं त्या दिवशी माझे हात शिवशिवले. आपल्याकडे घर धुऊन काढतात तसं काकूंकडचं सगळं धुतलं... चादरी, पडदे, आणि मफलरही. अत्तराची रिकामी कुपी टाकून दिली. ड्रायरमधला गरम मफलर काकूंच्या हातात ठेवला. त्यांनी तो नाकाशी धरला, बराच वेळ.

"हा कुणाचा गं?"

नको तिथला शहाणपणा म्हणतात तो हाच. काकूंचा तो प्रश्न आठवला की मला अजून लाज वाटते.

तीन आठवड्यांनी भर दुपारी ग्रोसरी घेऊन गेले. खिडक्या थंडीसाठी टेप लावून बंद होत्या. बोलता बोलता काकू थांबल्या, मान दाराकडे वळली. "दार उघड. आलेत."

मी उघडलं. कॉरिडॉर रिकामा होता. पण हिनाचा वास आला... तो आला नाही असं लिहिता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. दारामागच्या खुंटीवरचा मफलर मी हुंगला. वास त्यालाच होता.

"आता धुऊ नकोस हं," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

मफलर तिथेच आहे. हल्ली मी जाते तेव्हा दाराची साखळी काढलेली असते. परवा विचारलं, "काकू, लावून घेऊ?"

"नको. वास आलाय. आता येतीलच."

मी साखळीला हात लावत नाही.