ऋतुजाची चाकं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. तुमच्याजवळ का बोलतेय ते विचारू नका. आणि एक आधीच सांगून ठेवते — मधेच "असू दे हो, होतं असं" म्हणायचं नाही. ते ऐकायचं असतं तर तसं म्हणणारी माणसं मला पुष्कळ होती.

विषय तसा फुटकळ आहे. सायकलची चाकं. हसलात? हसा. मीही इतकी वर्षं त्याला फुटकळच म्हणत आले.

मी दादरला राहते. पन्नाशीला आलेय, फोर्टात विम्याच्या ऑफिसात नोकरी करते, आणि दर रविवारी सकाळी सायकल चालवते. भाजी आणायची सायकल नव्हे — ती बारीक टायरची, वाकड्या हँडलची, दोन बोटांवर उचलता येते ती. आमचा ग्रुप आहे. दादर टीटीला जमायचं, परळ-लालबागवरून खाली उतरायचं, चौपाटीवरून वाळकेश्वरचा चढ एकदा मारायचा, मग नरिमन पॉइंट, चहा, परत. वीसेक पुरुष आणि एक बाई. ती बाई मी. वर्षानुवर्षं एकटी मी.

एकटी असण्याची चटक लागते, हे कुणी सांगत नाही. फोटोत मधे मी. नवा माणूस आला की त्याला आधी माझ्याकडे बोट दाखवायचं — ह्या आमच्या ताई, यांच्यासारखी चालवून दाखव. ते पुरुष म्हणजे तरी काय? सुटलेली पोटं घट्ट कपड्यांत कोंबून आठवडाभराची मस्ती एका सकाळी जिरवणारे. मला ते मनातून आवडत नाहीत. पण त्यांनी ताई म्हटलेलं आवडायचं. दोन्ही खरं आहे.

मग ऋतुजा आली.

नायगावच्या पोलीस क्वार्टर्समधली मुलगी. वडील पोलिसांत ड्रायव्हर. कॉलेजातून सायकलिंगला लागलेली, जुन्या, कुणीतरी दिलेल्या सायकलवर यायची. पहिल्याच रविवारी वाळकेश्वरच्या चढावर ती माझ्या बाजूने पुढे गेली. नुसती गेली असती तर एक वेळ ठीक होतं. ती गप्पा मारत गेली. "ताई, इथनं वर गेल्यावर डावीकडे ना?" — असं विचारत, हसत, धाप न लागता. मला उत्तर द्यायला श्वास नव्हता. मी मान हलवली आणि त्या क्षणापासून तिला पाण्यात पाहायला लागले.

तिचं चुकलं काय होतं? काही नाही. म्हणून तर जास्त राग. उद्धट असती तर मी उघड भांडले असते. ती माझ्यासाठी थांबायची. चहाचा ग्लास आणून हातात द्यायची. फोटोत मला मधे ढकलायची आणि स्वतः कडेला उभी राहायची, तरी सगळे तिच्याकडेच बघायचे. वर्षभरात ती इतकी तयार झाली की राज्याच्या संघासाठी निवड चाचणीला तिचं नाव गेलं. वयोगटातलं तिचं शेवटचं वर्ष होतं. संघात आली तर खेळाडू कोट्यातून सरकारी नोकरीची वाट उघडत होती. घरात दोन लहान भावंडं, वडील रिटायर व्हायला आलेले — तिच्यासाठी ही चाचणी म्हणजे रविवारची मजा नव्हती. हे मला माहीत होतं. नीट लक्षात ठेवा, मला माहीत होतं.

घरच्यांनी इकडून तिकडून जमवून तिला नवी सायकल घेऊन दिली. चांगली सायकल होती. फक्त चाकं साधी — कंपनीकडून येतात ती. आणि तिथून तो प्रश्न सुरू झाला : चाकं बदलायची का?

आमच्या ग्रुपमधल्या किरणकडे एक जोडी पडून होती. डीप रिमची. म्हणजे चाकाची कडा उंच असते. साध्या चाकाची दोन बोटं असली तर हिची चांगली चार बोटं. काळी, चकचकीत, वेगात घुं घुं आवाज करणारी. सपाट रस्त्यावर ती खरंच पळतात, त्यात खोटं काही नाही. किरणने नवी घेतली होती, म्हणून ही ऋतुजाला वापरायला देऊ केली. दर रविवारी चहावर तीच चर्चा. सगळे पुरुष एका सुरात — घे, बिनधास्त घे, चाचणीत फरक पडेल. ऐंशी-नव्वद किलोचे गडी ते. त्यांना काय कळणार?

तिला मात्र शंका होती. मुलगी हुशार. एका रविवारी परतताना हिंदमाताच्या सिग्नलला ती माझ्या शेजारी उभी होती. बाकीचे पुढे निघून गेलेले. तिने हळूच विचारलं, "ताई, तुम्ही सांगा. बाकीच्यांचं राहू दे. तुम्ही माझ्याच वजनाच्या आहात आणि ही चाकं तुम्ही चालवलीयेत. वाऱ्यात त्रास होतो का?"

बघा, किती नेमकं विचारलं. विचारायचं तेच आणि विचारायचं त्याच माणसाला.

मी म्हटलं, "मला तर कधी झाला नाही. घे."

सिग्नल सुटला.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? सल्ला दिला, चुकला. थांबा.

ती चाकं आधी माझी होती. किरणकडे जायच्या आधी. मोठ्या तोऱ्यात घेतली होती मी. आणि दुसऱ्या-तिसऱ्या रविवारीच, एकटी गेले होते, वरळी सीफेसला कडेने वाऱ्याचा झोत आला आणि माझं पुढचं चाक कुणीतरी धरून ओढल्यासारखं रस्त्याच्या मधोमध गेलं. उंच कडा शिडासारखी वारा धरते. वजनदार माणसाला जाणवत नाही. पण पन्नास किलोची बाई असली तर सायकल तिची राहत नाही, वाऱ्याची होते. मागून गाडी नव्हती म्हणून वाचले. उतरले. हात लटपटत होते. सीफेस संपेपर्यंत सायकल हातात धरून चालत गेले — मी, ताई! ग्रुपला काय सांगितलं? माझ्या सायकलला नीट बसत नाहीत म्हणून. किरणच्या गळ्यात मारली. पुढे लोकांनी आपोआपच गोष्ट वाढवली, ताईंनी वर्षभर पळवली ही चाकं, आणि मी मूग गिळून बसले. फुकटचं कौतुक कोण परत करतं?

म्हणजे त्या वीस जणांत खरं उत्तर एकाच माणसाजवळ होतं. आणि तिने विचारलं त्याच माणसाला.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला अशी समजूत घालत होते की खरं सांगायचं तर "मी घाबरले होते" हे कबूल करावं लागलं असतं, आणि ते मला जमलं नाही. अभिमान आडवा आला. ऐकायला बरं वाटतं, नाही? अभिमान हा बऱ्या घरचा दोष आहे. पण नुसता अभिमान असता तर मी "साधी चाकंच ठेव, चाचणीच्या तोंडावर बदलू नकोस" एवढं म्हणू शकले असते. त्यात माझी भीती कुठेच उघडी पडत नव्हती. तसं वाक्य सुचलंही होतं. म्हटलं नाही.

कारण मला ती अडखळायला हवी होती. एकदा तरी तिचे हात लटपटावेत. एकदा तरी तिने उतरून चालावं आणि मी तिच्या बाजूने पुढे जावं.

पडावी असं वाटलं होतं का? — हं. वाटलं होतं. लागावं असं नाही. पण पडावी. आता यातला फरक तुम्हीच काढा, मला काढता येत नाही.

पाडव्याला तिने चाकं बसवली. मुहूर्त. आपल्याकडे नवी गाडी आली की तिची पूजा होते, मग सायकल असली म्हणून काय झालं? तिच्या आईने क्वार्टर्सच्या आवारात पाट मांडला, हँडलला झेंडूची माळ, साखरेची गाठी. पुढच्या चाकाखाली लिंबू. मला मुद्दाम बोलावलं होतं. माझ्या हातात कुंकवाचा करंडा देऊन ती माउली म्हणाली, "ताई, पहिलं कुंकू तुमच्या हाताने लागू दे. तुमच्या शब्दावर घेतलीत तिने."

मी लावलं. त्या काळ्या उंच कडेवर, अंगठ्याने, सावकाश. सायकल पुढे ढकलली, लिंबू चिरडलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ऋतुजा पाया पडली. मी "यशस्वी हो" म्हटलं. जाताना तिच्या आईने माझी ओटी भरली — नारळ, तांदूळ, ब्लाउजपीस. केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते मी हळदीकुंकू लावून केलं. ते ब्लाउजपीस मी नंतर शिवून घेतलं. अंगाला छान बसतं.

सुरुवातीचे रविवार काही झालं नाही. सकाळी तसाही वारा कमी असतो. ती सुसाट जायची, आणि मला वाटायला लागलं — खरं सांगते, निराश होऊन वाटायला लागलं — की तिला जमतंय. मला जमलं नाही ते तिला जमतंय. मग मे सरत आला. पाऊस नव्हता, पण समुद्रावरून वारा यायला लागला होता. मरीन ड्राइव्हवर परतीच्या बाजूला डावीकडे नुसता समुद्र, आडोसा काही नाही. ती माझ्यापुढे होती. झोत आला तो मला माझ्या अंगावर कळला, आणि त्याच वेळी तिचं पुढचं चाक उजवीकडे जाताना दिसलं. अगदी तसंच. तिने सावरलं. मी तेव्हा ओरडू शकले असते — उतर, चालत चल. दुसरा झोत यायला वेळ होता. एवढा वेळ होता की मी शब्द जुळवले आणि गिळले.

दुसऱ्या झोताला ती मधल्या दुभाजकावर आपटली.

कॉलरबोन मोडली, मनगट मोडलं. चाचणी दोन आठवड्यांवर होती. चाचणी हुकली. पुढच्या वर्षी वय गेलं.

परळच्या हॉस्पिटलात मी भेटायला गेले. तोंडदेखलं जावंच लागतं. शहाळं नेलं होतं. आई बाहेर औषधं आणायला गेली होती, खोलीत आम्ही दोघीच. मी तोंड उघडलं असतं तर ऐकणारी ती एकटी होती. ती छताकडे बघत होती. मग म्हणाली, "तुम्हाला जमली ताई तीच चाकं. मला का नाही जमली?"

सांगायची ती वेळ होती. त्याहून सोपी वेळ मला कुणी काढून दिली नसती. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, "सगळ्यांनाच नाही जमत बाळा."

तिने मान हलवली. पटलं तिला.

तिचं पडणं हे माझं पाप आहे की नाही यावर कुणी वाद घालेल. वारा होता, नशीब होतं, किरणची चाकं होती. पण हे वाक्य वाऱ्याने म्हटलं नाही. हाड सहा आठवड्यांत सांधलं. तिने सायकल विकली, परत कधी घेतली नाही. ऋतुजाकडे ताकद होती, डोकं होतं, सगळं होतं. तिच्याकडे नव्हता तो एकच दोष, आपल्याला जमत नाही हा, मी तिला दिला, आणि तो तिने कायमचा जवळ ठेवला.

आता ती दादरला एका क्लासच्या ऑफिसात बसते. ग्रुप मात्र सोडलेला नाही. रविवारी स्कूटीवरून नरिमन पॉइंटला येते, सगळ्यांसाठी केळी आणि पाणी घेऊन. तिथे उभी राहते. लोक तिला आता अर्धवटच ओळखतात — ती मुलगी, पाणी देणारी. चढावर मी पुन्हा एकटी आहे. फोटोत मधे.

गेल्या रविवारी एक नवी मुलगी आली होती. किडमिडीत, डोळ्यांत तीच चमक. मला विचारू लागली की डीप रिम घ्यावी का, तुम्ही चालवली होतीत ना म्हणे. मी उत्तर द्यायच्या आत ऋतुजाच बोलली.

"नको घेऊस. ताईंची गोष्ट वेगळी आहे गं. मी पण बघितलं करून, आपल्यासारख्यांचं काम नाही ते."

असं म्हणत तिने माझी बाटली माझ्या हातातून घेतली, पाण्याने भरली, झाकण घट्ट लावलं आणि परत दिली. तिचं मनगट अजून पूर्ण वळत नाही, झाकण लावताना तिला कोपर वर उचलावं लागतं.

मी पाणी प्यायले. थंड होतं. थँक्यू म्हटलं आणि सायकलवर बसले.