शुक्रवारची बस

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडच्या महापालिका शाळेची इमारत दुरुस्तीला निघाली, म्हणून तिथल्या मुलांना बसने घाटकोपरच्या शाळेत नेत. तिच्या शेजारीच आम्हा ज्यूंची छोटी शाळा. बसमधल्या रिकाम्या बाकांवर आमची बारा मुलं बसत. त्यात माझी लेक.

शुक्रवारी दिवस मावळला की आमचा शब्बाथ लागतो, मग वाहनात बसायचं नाही. बस सुटायची साडेपाचला. थंडीत मुलुंड येईतो अंधार.

आमच्या मुख्याध्यापकांनी शेजारच्या मुख्याध्यापिकांना लिहिलं, ‘शुक्रवारी बस साडेचारला सोडावी.’ उत्तर आलं, ‘शेवटचा तास बुडेल.’ दोन शाळांमध्ये एकच भिंत, पण पत्रं शिपायाच्या हातून, जावक क्रमांक घालून, फाटकाला वळसा घेऊन जात. महिन्याने सरांनी आम्हाला सांगितलं, आता आपली मुलं बसने जाणार नाहीत. मी नोकरी करणारी. बस गेली म्हणजे लेकीची ही शाळा सुटली.

मी मुख्याध्यापिकांना गाठलं.

“बाई, शुक्रवारी शेवटचा तास कसला?”

“कवायतीचा.”

“मग शनिवारी घ्या ना.”

“शनिवारी शिष्यवृत्तीचा जादा वर्ग असतो. तो रविवारी नेला असता, पण रविवारी बस कोण देणार? तुम्ही?”

“देते की. आमची शाळा रविवारी भरते. भाड्याची मॅटाडोर येते मुलुंडहून, अर्धी रिकामी.”

“अहो, हे तुमच्या सरांनी एकाही पत्रात लिहिलं नाही!”

सरांना विचारलं तर म्हणाले, “त्यांनी लेखी मागणी केली नव्हती.”

“सर, भिंतीशी चला,” मी म्हटलं.

सर स्टुलावर चढले, पलीकडे बाई उभ्या राहिल्या. पाच मिनिटांत मिटलं. उतरताना सरांनी विचारलं, “याचं पत्र पाठवू ना?”

“पाठवा. बस सुटल्यावर.”

पहिल्या शुक्रवारी मी अर्धी रजा टाकली आणि तासभर घड्याळ बघत नाक्यावर उभी राहिले. पाच वीसला बस आली. लेकीला घेऊन ऐटीत घरी गेले, तर सासूबाई शब्बाथचा दिवा हातात धरून दारात.

आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून गावचे लोक आम्हाला शनवार तेली म्हणत.

“शनवार तेल्यांची सून ना गं तू?” सासूबाई म्हणाल्या. “घरात तेलाचा थेंब नाही!”

ऊन अजून गॅलरीत होतं. लेकीला दप्तरासकट वाण्याकडे पिटाळलं.