वरून सोडलेला संदेश

वीतभर उंचीवरून बाईंनी माझ्या ओंजळीत संदेश, म्हणजे ती बंगाली मिठाई, सोडला. बोट लागू नये म्हणून.

बाबा त्यांच्या नवऱ्याची सरकारी ऑफिसची गाडी चालवतात. बदलीवर कोलकात्यात आलेलं मराठी कुटुंब. आम्हीही मराठी, म्हणून पहिल्या दिवशी बाईंनी "आपलीच माणसं" म्हणत चहाचा कप हातात दिला. मग आडनाव विचारलं. तेव्हापासून कप टेबलावर आणि खाऊ वरून.

मी त्यांच्या तन्वीला अकरावीचं फिजिक्स शिकवायचे. सियालदह स्टेशनला उतरून, बस बदलून, घामानं निथळत जायचे आणि वर हे! किळस यायची. त्यांची यायचीच, पण जास्त माझी, कारण मी घेत होते. बाबा म्हणायचे, "ओंजळ जरा वर धर, म्हणजे सांडत नाही." सांगा आता! माझा बाप मला झेलायला शिकवत होता.

त्या दिवशी त्यांच्याकडे गणपती होता, तरी शिकवणी चालूच. धडा पडणाऱ्या वस्तूंचा. मी पंखा बंद केला. एक कागद सपाट सोडला, तसाच दुसरा चुरगळून. सपाट हेलकावे खात गेला, बोळा टपकन खाली.

"वजन तेवढंच गं. पसरलेल्याला हवा जास्त अडवते. हवाच काढून घेतली तर दोन्ही एकदम पडतील."

तन्वीला पटलं. पोरगी हुशार.

"दे तो बोळा, पुन्हा करू," म्हणत मी हात पुढे केला. तिनं तो वीतभर वरून सोडला. वहीत बघत, सहज.

"असा का दिलास?"

"ताई, तुला असंच देतात ना?"

तिच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच जास्त घाण वाटलं.

तेवढ्यात बाई प्रसाद घेऊन आल्या. "धर गं." मी हात मागे घेतले. त्यांनी सवयीनं सोडलाच. संदेश फरशीवर पडून फुटला.

"अगं बाई! देवाचा प्रसाद! उचल आधी."

"तुम्ही सोडलात, तुम्ही उचला."

"जीभ बघा हिची! बाप कुणाची गाडी चालवतो, विसरलीस?"

"सरकारची," म्हणाले आणि चपला घातल्या.

आठवड्यात बाबांची ड्यूटी लांबच्या गोदामावर लागली. ते माझ्याशी बोलेनात. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण माफी मागायला गेले नाही, जाणारही नाही. बाबांना तोंडावर सांगितलं, "यापुढे तुम्हीही ओंजळ धरायची नाही. द्यायचं असेल तर हाताला हात लागू दे. नाहीतर पडू दे खाली. तिथंच सडू दे."